सन १८७५ चे दंगे आणि सावकारी दप्तर : एक साधनपरीक्षण

सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें गांठलीं, आणि थोड्याच दिवसांत हें लोण नगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदा, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरलें, ही हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. ती पुन्हा सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या साधनांवरून ती सांगितली जाते, त्यांचें परीक्षण करावें, एवढेंच प्रस्तुत लेखाचें प्रयोजन.

मुख्य साधन म्हणजे सरकारनें नेमलेल्या चौकशी कमिशनचा अहवाल. तो इ. स. १८७८ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटापुढें ठेवण्यांत आला. साऱ्याचा दोष या अहवालानें सावकारीकडे दिला आणि शेतसाऱ्याच्या वाढीस बहुतांशीं मोकळें सोडलें. पुढें रविंदर कुमार यांनीं (१९६८) कुणबी व वाणी यांच्यामधील बदललेल्या संबंधांत दंग्याचें मूळ शोधलें. तर नील चार्ल्सवर्थ यांनीं (१९७२) दंग्यांचें महत्त्व फुगविलेलें आहे, असा पक्ष मांडला. दोघांचेहि परिश्रम स्तुत्य आहेत. परंतु दोघांचाहि मुख्य आधार सरकारी दप्तराचा. ज्या कागदांपायीं दंगा झाला, ते कागद या वादांत साक्षीस क्वचितच आलेले दिसतात. हें म्हणजे वादीप्रतिवादींस बाहेर बसवून पंचांच्या टिपणावरून निकाल देण्यासारखें झालें.

दंगेखोरांचा रोख कागदांवर होता, हें अहवालच कबूल करतो. सावकारानें रोखे व हुकूमनामे मुकाट्यानें स्वाधीन केले, तेथें बहुधा पुढें कांहीं झालें नाहीं. त्यानें दार लावून घेतलें, तेथें बळाचा उपयोग झाला. पण हे ‘कागद’ एका जातीचे नव्हते, हा भेद लेखक सहसा करीत नाहींत. रोजकीर्द ही दिवसाच्या देवघेवीची वही. तिच्यावरून कुळवार खातीं पाडावयाचीं ती खतावणी. रोखा हा या दोहोंहून निराळा, कुळानें लिहून दिलेला सुटा कागद. अक्षरशून्य कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. कोर्टांत उभा राही तो हा रोखा.

इ. स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याचें आयुष्य तीन वर्षांचें ठरविलें. हेतु कुळाच्या हिताचा. परिणाम उलटा झाला. मुदत भरतांच मुद्दल व थकलेलें व्याज मिळून नवा रोखा होऊं लागला. उदाहरणार्थ, १०० रुपये दरमहा दरशेंकडा २ रुपये व्याजानें घेतले आणि कांहींच फेडले नाहीं, तर तीन वर्षांनीं १७२ रुपयांचा दुसरा रोखा होतो, आणि सहाव्या वर्षाच्या अखेरीस तोच आंकडा २९५ रुपये ८४ पैशांवर जातो. प्रत्येक रोख्यांत व्याज मुद्दलाहून कमीच आहे. म्हणजे दामदुपटीचा नियम प्रत्येक कागदांत पाळला गेला आणि सर्व कागद मिळून मोडला गेला! ही मोड रोख्यावरून दिसावयाची नाहीं. ती खतावणींत दिसते.

आमच्या धर्मशास्त्रकारांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये, असें मनु सांगतो. फेड जसजशी होईल तसतशी ती लेख्याच्या पाठीवर लिहावी, अगर धनकोनें स्वहस्ताची पावती द्यावी, आणि ऋण फिटतांच लेख्य फाडून टाकावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. अर्थात् नवें करण लिहून देण्याची वाटहि मनूनें ठेविलेली आहे. तेव्हां सर्व दोष इंग्रजी कायद्याचा, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. जी गोष्ट अडचणीच्या वेळची सोय होती, ती कायद्यानें दर तीन वर्षांची रीत करून टाकली, इतकेंच म्हणतां येईल.

आतां मुख्य मुद्दा. कुळानें जें धान्य, कडबा वा रोकड फेडीदाखल घातली, तिची नोंद राहिली असेल तर ती खात्याच्या जमेच्या बाजूस. रोख्यांबरोबर वह्याहि आगींत पडल्या, तेथें कुणब्यानें आपल्या फेडीचा पुरावाहि जाळला. सन १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांतील कोर्टांस रोख्याच्या मागें जाऊन व्यवहाराची मुळापासून चौकशी करण्यास सांगितलें. परंतु रोख्याच्या मागें जावयाचें म्हणजे वहीकडेच जावयाचें!

वही सावकाराच्या हातची, तिच्यावर विश्वास कसा ठेवावा, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. जी फेड लिहिलीच नाहीं, ती वही सांगणार नाहीं. तथापि रोजकिर्दींत आजची शिल्लक उद्यांच्या पानावर चढते. मधलें एक पान बदलल्यास पुढचीं सारीं बदलावीं लागतात. सुट्या रोख्यापेक्षां ही साक्ष खोटी पाडणें अधिक कठीण.

येथें आमचा स्वतःचा प्रमाद सांगणें प्राप्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं पारनेर तालुक्यांतील एका घरीं आम्हीं जुनीं पत्रें पाहण्यास गेलों असतां तांबड्या कापडांत बांधलेल्या लांबट वह्यांची चळत दिसली. सनदा व पत्रें तेवढीं उतरून घेऊन आम्हीं वह्या तशाच ठेवल्या. वाण्याचा हिशेब तो, त्यांत इतिहास कसला, असें आम्हांस वाटलें. दुसऱ्या खेपेस गेलों तेव्हां त्या रद्दींत गेल्या होत्या. दंग्यांत जळालेल्या वह्यांबद्दल कुणब्यास बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यानें जाळल्या त्या दुःखानें. आम्हीं गमावल्या त्या अनास्थेनें.

म्हणून विनंति इतकीच कीं, नगर जिल्ह्यांतील ज्या घरांत अशा वह्या अद्याप असतील, त्यांनीं त्या वाळवीच्या वा रद्दीवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वीं संशोधकांस दाखवाव्या. मोडी वाचणारे थोडे उरले. महाजनी वाचणारे त्याहूनहि थोडे. १८७५ च्या दंग्यांचा निकाल आजवर एकतर्फी लागला आहे. तो पुन्हा चौकशीस घ्यावयाचा, तर खातें काढल्यावांचून गत्यंतर नाहीं.