हरवलेला ‘काल’

विस्मृतीची कथा आम्हांस नवी नाहीं. दुर्वासाच्या शापानें दुष्यंत शकुंतलेस विसरला आणि मुद्रिका दृष्टीस पडतांच त्यास सर्व आठवलें. परंतु ज्या विस्मृतीवर कोणतीही मुद्रिका चालत नाहीं, अशा एका मनुष्याचें चरित्र सुझन कॉर्किन या विदुषीनें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘पर्मनंट प्रेझेंट टेन्स’ या ग्रंथांत सांगितलें आहे.

चरित्रनायक हेन्री मोलेसन (१९२६–२००८) हा अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांतला एक साधा गृहस्थ. अपस्माराचे झटके थांबावे म्हणून १९५३ सालीं विल्यम स्कोव्हिल या शस्त्रवैद्यानें त्याच्या मेंदूंतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा व त्याभोंवतालचा बराचसा भाग काढून टाकला. झटके कमी झाले; पण नवी आठवण सांठविण्याची शक्ति कायमची गेली. १९५५ च्या एप्रिलांत झालेल्या परीक्षेंत त्यानें चालू महिना मार्च १९५३ असा सांगितला व आपलें वय २७ असल्याचें सांगितलें. वास्तविक तो २९ वर्षांचा होता.

ग्रंथाचें नांव ‘कायमचा वर्तमानकाळ’ अशा अर्थाचें आहे. तें चटकदार खरें, पण आमच्या मतें अर्धेंच सत्य सांगणारें. शस्त्रक्रियेपूर्वींचा पुष्कळसा भूतकाळ हेन्रीपाशीं शाबूत होता. तुटला तो त्या भूतकाळास आजच्याशीं जोडणारा पूल. शिवाय आरशांत पाहून ताऱ्याची आकृति गिरविण्याचें काम तो तीन दिवसांत शिकला. दररोज तें त्यास नवेंच वाटे, तरी चुका कमी होत गेल्या. म्हणजे त्याच्या हातांनीं दिवस मोजले, मनानें मोजले नाहींत.

या ग्रंथाच्या जोडीनें व्हिटमन रिचर्ड्स यांचा १९७३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग अवश्य पाहावा. हेन्रीस कांहीं काळ दाखवून तितकाच काळ पुन्हा मोजून दाखविण्यास सांगितलें, तेव्हां सुमारें २० सेकंदांपर्यंत त्याचें माप ठीक उतरलें. त्यापुढें तें झपाट्यानें आखूड होत गेलें. त्यावरून रिचर्ड्स यांनीं असा अजमास बांधला कीं, आपला एक तास त्यास ३ मिनिटांचा, दिवस १५ मिनिटांचा व वर्ष ३ तासांचें वाटावें. हा अजमास आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरी त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. क्षण मोजण्यास स्मृति लागत नाहीं, पण तास मोजण्यास लागते. हेन्रीचा काळ थांबला नव्हता. तो आखूड झाला होता.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रंथकर्त्री हेन्रीस १९६२ सालीं प्रथम भेटल्या व पुढें अनेक दशकें त्याच्यावर प्रयोग करीत राहिल्या. त्याला मात्र त्या आपल्या शाळेंतील कोणी ओळखीच्या असाव्यात असें वाटे. ज्यास काल दिलेला होकार आज आठवत नाहीं, त्याच्या होकाराचें मोल किती? त्यास नकार देण्याची आठवण तरी कोणी करून द्यावयाची? ग्रंथांत हेन्रीविषयीं जिव्हाळा पानोपानीं आहे, परंतु या प्रश्नास जितका न्याय मिळावयास हवा होता, तितका मिळालेला नाहीं. शास्त्रास त्याच्यापासून जें मिळालें तें अमोल आहे, म्हणूनच हें ऋण अधिक स्पष्ट शब्दांत मांडावयास हवें होतें.

आपल्या भाषेंत ‘काल’ हा एकच शब्द समयासही आहे आणि सरलेल्या दिवसासही. ज्याचा काल हरपला, त्याचा काळही आकसला, हें हेन्रीच्या आयुष्यानें दाखविलें. वाचकांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र त्याच्या नांवावर विसंबूं नये.