डिफरंट ट्रेन्स

तंतुवाद्यचतुष्टय (दोन व्हायोलिने, व्हिओला व चेलो) आणि ध्वनिफीत यांसाठी रचलेली एक अर्वाचीन पाश्चात्त्य संगीतरचना. शीर्षकार्थ, निराळ्या आगगाड्या. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश (१९३६– ) याने ती क्रोनोस क्वार्टेट या वादकसंचासाठी रचली. तिचे पहिले वादन १९८८ मध्ये लंडन येथे झाले.

आईवडील विभक्त झाल्यामुळे राइशला १९३९–४२ या काळात दाईसोबत न्यूयॉर्क व लॉस अँजेल्स यांदरम्यान आगगाडीने वारंवार प्रवास करावा लागे. त्याच वेळी यूरोपात असतो, तर ज्यू म्हणून आपल्या वाट्याला निराळ्याच गाड्या आल्या असत्या, या जाणिवेतून ही रचना निर्माण झाली. 'अमेरिका : युद्धापूर्वी', 'यूरोप : युद्धकाळात' व 'युद्धानंतर' असे तिचे तीन भाग असून वादनकाल सु. २७ मिनिटे आहे.

ती दाई, आगगाडीतील एक निवृत्त सेवक व नाझी वंशसंहारातून वाचलेले तिघे ज्यू यांच्या ध्वनिमुद्रित कथनांतील तुटक वाक्ये हा या रचनेचा पाया होय. बोलण्यातील स्वरांचे चढउतार व लय हेरून राइशने ती वाद्यांसाठी लिहिली. स्त्रियांच्या बोलण्याचे अनुकरण मुख्यतः व्हिओलावर, तर पुरुषांच्या बोलण्याचे चेलोवर होते. त्यांना पूर्वमुद्रित चतुष्टयांची व आगगाडीच्या शिट्ट्यांची जोड आहे. पहिल्या भागातील शिट्ट्या दीर्घ व मोकळ्या, तर दुसऱ्यातील आखूड व कर्कश असून त्यांत भोंग्यांचे आवाज मिसळतात. पहिल्या भागात प्रवासाचा उल्हास सुचविणारी आवर्तने दुसऱ्यात जवळजवळ त्याच साधनांनी भयप्रद होतात.

साक्षीदारांची वाक्ये तोडून सुरावटीच्या सोयीने जुळविणे कितपत उचित, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. निवड अखेर संगीतकाराचीच असल्यामुळे तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि राइश येथे शोकगीत रचीत नाही. बोलणारा बदलला की लय व स्वर बदलतात आणि वाद्यांना त्याच्यामागून जावे लागते. या संयमामुळे रचना भावविवशतेपासून दूर राहते.

अखेरीस एक आठवण येते : सुरेल गळ्याच्या एका मुलीचे गाणे जर्मन आवडीने ऐकत आणि ती थांबली की टाळ्या वाजवून आणखी गाण्यास सांगत. संगीताची आवड माणसाला क्रौर्यापासून परावृत्त करतेच असे नाही, हे सत्य येथे संगीतातूनच प्रकट होते. त्याचे कोणतेही समाधान न सुचविता रचना संपते. तिचे मोल मुख्यतः या प्रामाणिकपणात आहे.