विडी, पंथ आणि विवियन बोस

सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ सालच्या एका निकालपत्रात विडी येते. चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी हे एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागांच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले काँग्रेसचे उमेदवार आणि मूलजी सिक्का या विडी बनवणाऱ्या पेढीचे भागीदार. पेढीची विडी लष्करी कँटीनमधून जवानांपर्यंत जाई, आणि सरकारचा कंत्राटदार कायद्याने खासदारकीला अपात्र. कंत्राट राष्ट्रपतींच्या नावाने, घटनेने सांगितलेल्या रीतीने झालेलेच नाही, मग ते कंत्राट कसले, हा जसाणींचा बचाव. सरकारवर बंधन येत नाही म्हणून व्यवहारच नाहीसा होतो असे नव्हे, हे न्यायमूर्ती विवियन बोस ज्या सरळ, अनलंकृत गद्यात उलगडतात, ते आपण सावकाश वाचावे. नागपूर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे बसलेला, पुढे तिथला मुख्य न्यायमूर्ती झालेला हा माणूस. विडीच्या मुलखाची त्याला वेगळी ओळख करून द्यावी लागली नसावी.

पण निकालपत्राचा गाभा आहे त्याच निवडणुकीत उभे राहू पाहणाऱ्या महार जातीच्या गंगाराम ठवरे यांच्या उमेदवारी अर्जात. अनुसूचित जातींच्या राखीव जागेसाठी त्यांनी भरलेला अर्ज फेटाळला गेला, कारण ते महानुभाव पंथात गेले होते. चक्रधरांचा हा पंथ जात मानीत नाही, तेव्हा ते महार उरले कुठे? धर्मशास्त्राच्या या दाट रानात न शिरता बोस तीन साधे प्रश्न विचारतात: जुना समाज त्या माणसाशी कसा वागतो, त्या माणसाच्या स्वतःच्या मनात काय आहे, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. मग नजर पोथीवरून उठून थेट मांडवात जाते. जातीच्या कार्यांत ठवरे होते, सोयरीक जातीतच झाली होती, कोणी वाळीत टाकले नव्हते. म्हणून ते महारच राहिले, अर्ज चुकीने फेटाळला गेला. माणसाचे 'असणे' तत्त्वज्ञानात न शोधता पंगतीत आणि लग्नघरात शोधणारी ही दृष्टी मला या निकालपत्रातली सर्वांत रसाळ जागा वाटते. कायद्याच्या भाषेत माणसांचा इतका गलबला क्वचितच ऐकू येतो.

निवडणूक रद्द झाली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याच्या राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना मिळाली.