संदर्भव्यवस्थापनाची साधने आणि तौलनिक अभ्यासाची दृष्टी

महाजालावरील संशोधनसामग्री मिळविणे जसजसे सुलभ होत गेले, तसतसा ती लावून ठेवण्याचा प्रश्न बिकट होत गेला. त्यासाठी वापरावयाच्या संगणकप्रणालीची निवड बहुधा किंमत, सोय आणि सहकाऱ्यांची सवय यांवरून केली जाते. ग्रंथसूची मात्र तटस्थ यादी नसते. कशाची स्वतंत्र नोंद करावयाची, कोणाला कर्ता मानावयाचे हे ठरविताना सूचीकार साहित्यव्यवहाराविषयी एक भूमिका घेत असतो. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडाची मराठी ग्रंथसूची सिद्ध केली, तेव्हा असे निर्णय एका जाणत्या व्यक्तीने घेतले होते. प्रणालीत ते रकान्यांच्या रचनेत आधीच घेतलेले असतात. म्हणूनच तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या साधनांची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे आत्मकथन १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. ई. जोसेफिन इंक्स्टर यांचे इंग्रजी भाषांतर 'आय फॉलो आफ्टर' या नावाने १९५० मध्ये, तर शांता गोखले यांचे भाषांतर मूळ शीर्षक राखून २०१७ मध्ये आले. झोटेरो या प्रणालीत आयएसबीएन क्रमांक दिला की ग्रंथाची नोंद आपोआप तयार होते. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला तो १९७० मध्ये. परिणामी २०१७ चे भाषांतर क्षणार्धात संग्रहात येते. १९५० च्या आवृत्तीसाठी आणि १९३४ च्या पहिल्या भागासाठी ग्रंथालयाची सूची धुंडाळावी लागते किंवा नोंद हाताने करावी लागते. शीर्षकावरून शोध घेतल्यास इंक्स्टर यांचे भाषांतर हाती लागत नाही. रोमन लिपीत 'ळ'ला सर्वमान्य स्वतंत्र अक्षर नसल्याने 'टिळक' यांचे 'टिलक' होते आणि एकच लेखिका वर्णानुक्रमात दोन ठिकाणी विखुरते.

यातील धोका केवळ तांत्रिक नाही. जे सहज येते ते आधी येते, आणि जे आधी येते तेच अनेकदा तुलनेचा आधार बनते. इंग्रजी भाषांतर हीच जणू मूळ संहिता आणि मराठी ग्रंथ ही तिची तळटीप, असा उलटा क्रम अभ्यासकाच्या नकळत रूढ होऊ शकतो.

झोटेरोची निर्मिती २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास व नवमाध्यम केंद्रात झाली. ती मुक्तस्रोत असून देवनागरी नोंदी नीट स्वीकारते. भाषांतरकाराला तीत स्वतंत्र स्थान आहे, 'एक्स्ट्रा' या मोकळ्या रकान्यात मूळ प्रकाशनवर्षही नोंदविता येते. परंतु दोन नोंदी परस्परांशी जोडल्या असता त्या 'संबंधित' आहेत एवढेच ती सांगते. मूळ कोणते आणि भाषांतर कोणते, हे सांगत नाही. भाषांतर, रूपांतर आणि अनुकरण यांतील भेदावर ज्या ज्ञानशाखेची उभारणी झाली, तिच्यासाठी ही उणीव मोठी आहे. शिवाय आरआयएस या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात नोंदी बाहेर काढल्यास हा अपुरा दुवाही टिकत नाही. नागोया विद्यापीठातील फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवरूनच विकसित केलेल्या ज्युरिस-एम या आवृत्तीत एकाच नोंदीत मूळ लिपी, लिप्यंतर आणि भाषांतर शेजारी ठेवण्याची सोय केली गेली. बहुभाषिकता हा अपवाद न मानता नियम मानला, तर साधन कसे घडू शकते, याचा तो वस्तुपाठ होय. मेंडेले ही प्रणाली पीडीएफ लेखांच्या संग्रहामुळे लोकप्रिय झाली. २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली आणि २०२२ मध्ये तिची जुनी डेस्कटॉप आवृत्ती नव्याने उतरवून घेणे बंद झाले. दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या संशोधनाला साधनाचे आयुष्य आणि मालकी यांचाही विचार करावा लागतो, तो यामुळेच.

तेव्हा निवडीचे निकष सोयीपलीकडे न्यावे लागतील. हाताने केलेली नोंद आपोआप आलेल्या नोंदीइतकीच समर्थ ठरते काय? एका कर्त्याची दोन लिप्यांतील नावे एकत्र आणता येतात काय? संहितांमधील नाते नावानिशी सांगता येते काय? आणि संग्रह अखंड बाहेर नेता येतो काय? चारही प्रश्नांना होकार देणारे साधन आढळेपर्यंत उरलेले काम शिस्तीने करावे लागेल. मूळ ग्रंथाची नोंद प्रथम करावी, भाषांतराची तिच्यानंतर. दोहोंना जोडणाऱ्या टिपणात नात्याचे स्वरूप स्पष्ट लिहावे आणि कर्त्याचे नाव दोन्ही लिप्यांत द्यावे. हे श्रम वरकरणी कारकुनी वाटतात. पण 'स्मृतिचित्रे' तुलनेच्या केंद्रस्थानी राहणार की तिचे भाषांतर, याचा निर्णय पुष्कळदा याच टप्प्यावर होऊन जातो.