अनुशेषाच्या तक्त्यात जंगल नाही

दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल पहिल्यांदा हाती आला, तेव्हा मी त्यात आधी जंगलाचा रकाना शोधला. रस्ते होते, सिंचन होते, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा होता. जनावरांचे दवाखानेही होते. जंगलाचा रकाना नव्हता. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी आणि समिती नेमली गेली १९८३ मध्ये. म्हणजे ज्या जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाखाली आहे, त्याच्या मागासलेपणाचे पहिले मोठे मोजमाप जंगलाला वगळून झाले.

हे मोजमाप करणारे वि. म. दांडेकर सामान्य अभ्यासक नव्हते. म्हणूनच प्रश्न पडतो: विकासाचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञाला काय दिसावे, हे केवळ त्याच्या बुद्धीवर अवलंबून असते, की तो ज्या वाटेने मोठा होतो ती वाटही ते ठरवते? मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. ग्रामसभांच्या बांबूच्या वह्या वाचत वाचत या विषयापर्यंत आलो. तेव्हा हे लिखाण बाहेरून पाहणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगतो.

महाराष्ट्रातील या विद्येचे मूळ पीठ म्हणजे पुण्याची गोखले संस्था. १९३० मध्ये ती स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. केंब्रिजला लिहिलेल्या प्रबंधावरचे त्यांचे भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील पुस्तक १९२४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्या बळावर त्यांना कुठेही जाता आले असते. त्यांनी वाई तालुक्यातील शेतीची पाहणी केली, पुणे शहराची पाहणी केली, आणि पुढे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले. हिशेब चुकला तर ऊस घालणारा शेतकरी सभेत उभा राहून विचारू शकत होता. १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पण त्याआधी असा जाब त्यांनी अंगावर घेतलेला होता.

दांडेकरांची वाट वेगळी होती. १९६६ ते १९८० ते गोखले संस्थेचे संचालक होते. जानेवारी १९७१ मध्ये त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केला. रोज २,२५० उष्मांक मिळण्यास किती खर्च लागतो, यावरून त्यांनी रेषा आखली आणि ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के, तर शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली असल्याचे दाखवले. सरकारच्या दाव्यांना आकड्यांनी उत्तर देण्याची ती हिंमत होती, आणि तिचे मोल आजही कमी होत नाही. पुढे १९७९, १९९३, २००९ आणि २०१४ या वर्षांत अलघ, लकडावाला, तेंडुलकर आणि रंगराजन यांच्या नावांनी रेषा नव्याने आखल्या गेल्या. अर्थतज्ज्ञांच्या कित्येक पिढ्यांची कारकीर्द या एका रेषेवर उभी राहिली.

या रेषेबद्दल माझी तक्रार एकच आहे. घरात मोहफूल आले, तर पाहणीत त्याची स्थानिक भावाने किंमत धरली जाते. पण ते मोहफूल हक्काने आले की वनरक्षकाच्या मर्जीने, हे त्या आकड्यातून कळत नाही. दोन्ही घरांचा खर्च सारखा दिसतो. त्यातले एक घर मात्र उद्या कुणाच्या तरी रागामुळे उपाशी राहू शकते.

१९८४ च्या अहवालात हीच अडचण मोठ्या आकारात येते. समितीची रीत सरळ होती: राज्याची सरासरी घ्यायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे, आणि ती तूट भरण्याचा खर्च काढायचा. तोच अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष तीन हजार कोटींच्या वर निघाला, त्यात विदर्भाचा बाराशे कोटींच्या वर. आजही विदर्भाचे राजकारण या भाषेत बोलते, कारण भांडायला आकडा हाती आला. पण सरासरी ही शेतीप्रधान, सडकेवरच्या महाराष्ट्राची होती. सिंचनाचे प्रमाण लागवडीखालच्या जमिनीशी मोजायचे म्हटले, तर जिथे जमीनच मुळात वनखात्याच्या ताब्यात आहे, तिथे त्या टक्केवारीला अर्थ किती उरतो? १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तुलतुली, कारवाफा यांसारखे प्रकल्प अडले, तेव्हा ही अडचण पैशाची नव्हती. ती हक्काची होती आणि तक्त्यात हक्काला रकाना नव्हता.

बांबूचे उदाहरण घ्या. बल्लारपूरचा कागद कारखाना इथल्या बांबूवर वाढला. सवलतीच्या बांबूचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने ऐरणीवर आणला तो एका परिसरशास्त्रज्ञाने, धनंजयरावांचे पुत्र माधव गाडगीळ यांनी, आणि तोही शेजारच्या कर्नाटकात. तिथल्या कारखान्याला टनाला दीड रुपया दराने बांबू मिळत होता, तर बुरुडाला बाजारभाव मोजावा लागत होता. अनुदान कुणाला आणि भुर्दंड कुणाला, हा अर्थशास्त्राचा पहिल्या इयत्तेचा प्रश्न आहे. तो परिसरशास्त्रज्ञाला विचारावा लागला.

आता माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी एक तरुण संशोधक माझ्याकडे आला. तीन ग्रामसभांच्या बांबूविक्रीच्या नोंदी मी हाताने उतरवल्या होत्या. त्याने दोन दिवस मुक्काम केला, वह्यांची छायाचित्रे घेतली. पुढे त्याचा निबंध इंग्रजीत छापून आला. त्यात एका गावाचे एका वर्षाचे उत्पन्न शून्य दाखवले होते आणि त्यावरून ‘व्यवस्थापनक्षमतेचा अभाव’ असा निष्कर्ष काढला होता. त्या वर्षी गावाने ठरवून तोड बंद ठेवली होती, कोवळे वासते वाढू द्यायचे म्हणून. गावातल्या म्हाताऱ्यांना मी हे वाचून दाखवले. एक जण म्हणाला, “आमचा शहाणपणा त्यानं नापास केला का?”

मी त्या मुलाला फोन केला. तो लाजला. म्हणाला, “काका, माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. निबंध छापून आला नसता तर मुलाखतीलाही बोलावलं नसतं.” विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून अध्यापकांच्या कामाला गुण लावले. निबंधाला गुण आहेत, ग्रामसभेत जाऊन चूक दुरुस्त करण्याला नाहीत. त्याच्यावर राग धरता येईना.

आणि रात्री वह्या चाळताना माझी चूक सापडली. तोड बंद ठेवल्याचा ठराव ग्रामसभेच्या ठरावपुस्तकात होता. मी त्याला दिली होती ती फक्त रकमांची वही. ठराव उतरवून घ्यावा असे मलाही वाटले नव्हते. आकडे स्वतः बोलतात, असा माझाही समज होता. ज्या रकान्यांवर मी टीका करतो, तेच मी आखत होतो.

यावर उपाय दूरचा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्याच्या किती तरी आधीपासून तिथे अभ्यासगट आहे. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरचा माणूस तिथे गावकऱ्यांबरोबर चर्चेला बसत असे. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. संशोधनाचा मसुदा छापण्याआधी अशा बैठकीत मराठीत किंवा गोंडीत वाचला गेला, तर शून्याचा अर्थ तिथेच कळेल. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले आहे. अशा वाचनाला नेमणुकीत आणि बढतीत वजन देण्याची सुरुवात त्याने करायला हरकत नाही. प्रवरेच्या सभेत गाडगिळांना जो जाब द्यावा लागे, तोच इथे हवा आहे.

तोवर मी माझ्यापुरता बदल केला आहे. आता वहीच्या डाव्या पानावर रकमा लिहितो, आणि उजव्या पानावर त्याच महिन्याचा ठराव.