मुकाट जोडणीचा धोका

'जगातील सर्वांत धोकादायक आज्ञावली' हे शीर्षक वाचून वाटते, संगणकातील विषाणूंविषयी काही असेल. टेक्सास (ऑस्टिन) व स्टॅनफर्ड विद्यापीठांतील सहा संशोधकांच्या २०१२ मधील या निबंधाचा प्रश्न मात्र साधा आहे: ब्राउझरच्या मदतीविना सर्व्हरशी बोलणारी आज्ञावली त्याची ओळख नीट तपासते का?

सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. ते देणारी संस्था विश्वासातली आहे का, मुदत शिल्लक आहे का, आणि त्यावरचे नाव आपल्याला हव्या त्याच सर्व्हरचे आहे का, हे आपण पाहायचे. 'कर्ल' या साधनात नावाच्या तपासणीसाठी तेव्हा २ हा आकडा द्यावा लागे. पीएचपीत लिहिणाऱ्यांनी 'ट्रू' लिहिले. त्याचा १ झाला. मग प्रमाणपत्रावर कोणतेही नाव चाले! मधल्यामध्ये कुणी तोतया उभा राहिला तरी जोडणी मुकाट होई. पैशांची देवघेव करणाऱ्या आज्ञावल्यांतही ही चूक सापडली. दोष लिहिणाऱ्यापेक्षा साधनाच्या फसव्या रचनेचा अधिक, हे लेखकांचे म्हणणे आम्हाला पटते. नोव्हेंबर २०१२ मध्ये कर्लनेही १ नाकारायला सुरुवात केली.

आमची तक्रार वेगळी आहे. तपासणी बंद करू नका, असे निबंध बजावतो. पण त्रुटी आल्यावर कारण कसे शोधावे, हे सांगत नाही. माणूस तपासणी बंद करतो तो नेमका त्याच क्षणी.

३० सप्टेंबर २०२१ चे उदाहरण घ्या. 'लेट्स एन्क्रिप्ट'च्या प्रमाणपत्रांना आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी कालबाह्य झाले. सर्व्हरची स्वतःची प्रमाणपत्रे वैध होती. तरीही ओपनएसएसएल १.०.२ वापरणाऱ्या अनेक यंत्रणांवर 'मुदत संपली' अशी त्रुटी झळकली. विश्वासाच्या यादीतून जुने मूळ प्रमाणपत्र काढून नवे ठेवले की काम भागत होते. तपासणी बंद केली तरी स्क्रिप्ट चालली असती, पण मग तोतयाशीही बोलली असती.

म्हणून निबंध विद्यार्थ्यांना जरूर वाचून दाखवावा, आणि सोबत एक प्रयोग करावा. शाळेतल्या संगणकाची तारीख दहा वर्षे मागे न्यावी व स्क्रिप्ट चालवावी. प्रमाणपत्र 'अजून लागू झालेले नाही' अशा अर्थाची त्रुटी येईल. ती मुलांनाच वाचू द्यावी, कारण शोधू द्यावे. मग तारीख पूर्ववत करावी. तपासणीला हात लावू नये.