फासे, सूत्रधार आणि नवखा गडी

एखाद्या कलाप्रकाराची ओळख नवख्या माणसास कशी करून द्यावी, हा प्रश्न आपल्या टीकाकारांनी फारसा विचारार्ह मानलेला नाही. प्रवेशिका, बालबोध पुस्तके, मार्गदर्शिका यांना समीक्षेच्या पंक्तीत सहसा पाट मांडला जात नाही. तथापि कोणत्याही कलेला पुढची पिढी लाभते ती बव्हंशी या उपेक्षित वाङ्मयामुळेच. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका प्रवेशिकेचा विचार करणार आहोत. ती पुस्तकाच्या नव्हे, तर खोक्याच्या रूपाने येते. आणि तिचा विषय आहे टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन, केवळ बोलण्याने चालवावयाचा खेळ.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. त्यास पट लागतोच असे नाही, सोंगट्यांवाचूनही अडत नाही. एक जण स्थळ आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक भूमिका घेऊन ‘मी आता अमुक करतो’ असे म्हणतात. जेथे यशापयशाची शंका असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकावयाचा, त्यात आपल्या पत्रकावरील आकडा मिळवावयाचा, आणि बेरीज ठरलेल्या अंकास पोहोचली की कार्य सिद्धीस गेले. अलीकडच्या आवृत्तीत सोप्या कामास १०, मध्यमास १५ आणि अवघडास २० असा तो अंक असतो. शेवटी कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. कथा मात्र पुढे गेलेली असते.

या खेळाची नियमपुस्तके शेकडो पृष्ठांची. साहजिकच नवशिक्यांसाठी वेगळा संच काढावा, ही कल्पना लौकरच निघाली. १९७७ मध्ये जॉन एरिक होम्स यांनी संपादिलेला पहिला संच ४८ पृष्ठांच्या नियमपुस्तकासह आला. त्यात विस्कळीत नियमांची नीट मांडणी होती; परंतु ती नियमांची मांडणी होती. १९८३ मध्ये फ्रँक मेंट्झर यांनी तयार केलेल्या संचाने वेगळी वाट धरली. तेथे वाचकास प्रथम गोष्टच भेटते. तू एक योद्धा आहेस, गुहेत शिरला आहेस, तेथे अलीना नावाची एक धर्मोपासिका तुला भेटते. आणि थोड्याच वेळात एका दुष्ट मांत्रिकाच्या हातून तिचा अंत होतो. एकटा बसलेला वाचक नियम शिकतो ते या दुःखाच्या ओघात. आमच्या मते प्रवेशिका लिहिणाराने हे तत्त्व कधी विसरू नये: आधी माणूस, मग आकडा.

२०१४ मध्ये निघालेला ‘स्टार्टर सेट’ या कसोटीवर कसा उतरतो? खोक्यात ३२ पृष्ठांचे नियमपुस्तक, ६४ पृष्ठांची साहसकथा, पाच तयार भूमिकांची पत्रके आणि सहा फासे असत. २०२२ मध्ये त्याची जागा दुसऱ्या संचाने घेतली. परंतु ती साहसकथा, ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’, अद्यापि आवडीने खेळली जाते, म्हणून तिचाच विचार करणे उचित होय.

या संचातील सर्वांत वाङ्मयीन भाग कोणता म्हणाल, तर ती पाच पत्रके. प्रत्येक पत्रकावर बळ, चापल्य, बुद्धी यांचे आकडे आहेतच. पण त्यांच्या शेजारी त्या व्यक्तीचा एक स्वभावविशेष, एक ध्येय, एक ऋणानुबंध आणि एक दोषही नोंदलेला आहे. शिवाय प्रत्येकास कथेतील गावाशी जोडणारा एखादा धागा दिला आहे. त्यातील बुटका धर्मोपासक हा कथेत हरवणाऱ्या खाणमालकाचा भाऊबंद आहे. चोरट्याला त्याच गावातील गुंडांवर सूड उगवावयाचा आहे. नवख्या गड्याच्या हाती हे पत्रक पडताच त्यास बोलण्याचे कारण मिळते. चार ओळींत एवढे साधणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

उणीव आहे ती कथेच्या आरंभी. मालाने भरलेली गाडी घेऊन मंडळी निघतात, वाटेत दोन मेलेले घोडे आडवे दिसतात, आणि झाडीतून चार गोब्लिन तुटून पडतात. प्रसंग चटकदार आहे. पण पहिल्या पायरीवरच्या भूमिका इतक्या नाजूक असतात की दोन बाण नीट लागले तर माणूस आडवा. पराभव झालाच तर शत्रू लुटून, बेशुद्ध सोडून निघून जातात, अशी सोय लेखकांनी ठेविली आहे. म्हणजे धोका त्यांनाही ठाऊक होता. तथापि खरी हानी आकड्यांची नाही. आयुष्यात प्रथमच हा खेळ खेळणारा माणूस पहिल्या अर्ध्या तासात मूर्च्छित पडतो आणि मुकाट बसून इतरांचे फासे मोजतो. त्याने एक वाक्यही उच्चारलेले नसते! ‘आता मी काय बोलू?’ हा नवख्याच्या मनातील खरा प्रश्न. आणि नेमक्या त्याच प्रश्नाला हा संच पुरेसे उत्तर देत नाही.

आणि येथे मराठी वाचकास स्वतःच्या घरातील ठेव्याची आठवण व्हावी. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पात्रांच्या हाती लिहिलेली भाषणे नव्हती. सूत्रधार पदे गाऊन प्रसंग उभा करी आणि पात्रे त्या अनुरोधाने उत्स्फूर्त बोलत. कोकणातील दशावतारी मंडळी आजही संहितेवाचून उभी राहतात. कथानक आधी ठरते, संवाद रंगमंचावर जन्मतात. अमेरिकन खेळातील ‘डंजन मास्टर’ म्हणजे आपला सूत्रधारच होय. भेद इतकाच, की येथे प्रेक्षक उरत नाही. जमलेला प्रत्येक जण पात्र होतो.

आम्ही राहतो त्या भिलाईच्या परिसरातही एक धडा आहे. शेजारच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पांडवानी जगभर नेली. हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. परंतु त्या गायनात साथीचा रागी असतो, त्याच्याकडे आमचे लक्ष वेधावेसे वाटते. तो हुंकार देतो, मध्येच पृच्छा करतो, आणि त्याच्या पृच्छेने कथा पुढे सरकते. खेळ चालवणाराने सूत्रधाराबरोबर रागीही व्हावे. ‘बरे, मग तू त्याला काय म्हणालास?’ एवढा एक प्रश्न नवख्यास दहा पृष्ठांच्या नियमांहून अधिक शिकवतो.

या साऱ्या विवेचनाशी आपणा बदलीवरच्या मंडळींचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि त्यातून हे पोलादाचे नगर उभे राहिले. सर्व प्रांतांची माणसे येथे आली. बाजारात हिंदी, आजूबाजूस छत्तीसगढी, शाळेच्या दप्तरात इंग्रजी. आपल्या घरांत मराठी उरते ती बहुधा आज्ञार्थात: जेव, झोप, अभ्यास कर, दार लाव. मूल तिला हिंदीत उत्तर देते, आणि आपण ते उत्तर निमूटपणे स्वीकारतो. गणेशोत्सवातील पाठ केलेल्या नाट्यप्रवेशाने ही भाषा जिवंत राहते, असे समजणे ही स्वतःची समजूत घालणे होय. भाषा जगते ती संकेतार्थात आणि भविष्यकाळात: ‘पूल कोसळला तर परतणार कसे?’ ‘मी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवीन, तेवढ्यात तू आत शीर.’ वाद घालणे, समजूत काढणे, थाप मारणे, बेत आखणे, या गोष्टी ज्या भाषेत करता येतात तीच मुलाची स्वतःची भाषा. हा खेळ त्या सर्व गोष्टी मागतो. म्हणून तो मराठीत खेळावा, असा आमचा आग्रह आहे.

परक्या भाषेतील खोके मराठीत कसे आणावे? चौकटीतील इंग्रजी परिच्छेदांचे शब्दशः भाषांतर वाचून दाखवू नये; दोनदा वाचावे, पुस्तक मिटावे आणि सांगावे. आरंभ हल्ल्याने न करता मालकाशी होणाऱ्या बोलीने करावा. मोबदला किती, वाट कोणती, यावर प्रत्येकास एक तरी वाक्य बोलू द्यावे. तोवर फासे खोक्यातच असावेत. आपणा कचेरीतील माणसांस नियमावली आधी मुखोद्गत करण्याची खोड असते. ती येथे बाजूस ठेवावी. नियम लागेल तेव्हा शोधावा.

कोणी म्हणेल, मग गोब्लिन कशाला, शिवरायांचे मावळेच घेऊ. हेतू स्तुत्य आहे; पण ज्या कथेचा शेवट सर्वांस पाठ आहे आणि जिच्या नायकाच्या तोंडी आपले शब्द घालण्यास मूल बिचकते, तेथे त्याची जीभ मोकळी होणार नाही. त्यापेक्षा घाटातून मीठ आणि धान्य नेणारा लमाणांचा तांडा घ्यावा, वाटेत दोन मेलेले बैल ठेवावेत. कोणी थोर पुरुष नको, ठरलेला शेवट नको. १९८४ मध्ये जर्मनांनी अमेरिकन खेळावर न विसंबता ‘दास श्वार्त्से आउगे’ हा आपला स्वतंत्र खेळ रचला आणि तो त्या देशात खोल रुजला. मराठीत असा संच निघावयाचा तेव्हा निघो. तोवर परक्या खोक्यावर आपली गोष्ट उभी करण्यास कोणाची आडकाठी नाही.

एकूण पाहता २०१४ चा हा संच साधनांनी समृद्ध, पत्रकांत कुशल आणि आरंभी उतावळा आहे. त्याचा उतावळेपणा सुधारणे आपल्या हाती आहे. चार मुले, एक सूत्रधार आणि रविवारची दुपार एवढीच त्यास सामग्री लागते. त्या दुपारी घरातील मूल आपण होऊन एक लांबलचक, चुकतमाकत रचलेले मराठी वाक्य बोलले, तर त्याचे व्याकरण त्या वेळी कोणी सुधारू नये.